जागतिक संस्थेची ठाणे शाखा काढताय? आधी बदल अर्ज समजून घ्या

जगभरच्या लेखक-कलावंतांना जोडणाऱ्या संस्था काही नव्या नाहीत. लेखकांची ‘पेन’ १९२१ साली लंडनला सुरू झाली आणि १९३३ साली सोफिया वाडिया यांनी तिचं भारतीय केंद्र मुंबईत काढलं. अशा एखाद्या संस्थेची शाखा आपल्याकडे काढायची म्हटलं की मंडळी पहिली धाव नोंदणीकडे घेतात.

नोंदणी तशी सोपी आहे. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात १९५०च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. पत्ता मात्र जपून द्या: वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर रायगडात. सचिव खारघरचे म्हणून त्यांच्या घरचा पत्ता घातला, तर फाइल ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयात चालत नाही.

खरी गोची दोन-तीन वर्षांनी होते. खजिनदार बदलतो, पेढे वाटले जातात आणि बदल अर्ज, म्हणजे पदाधिकारी बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला लेखी कळवणं, राहून जातं. हा अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो. सोबत सभेची नोटीस, इतिवृत्त, मावळत्याचा राजीनामा आणि नव्याचं संमतिपत्र. नियमावलीत पंधरा दिवसांची नोटीस लिहिलेली असते आणि सभा चार दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलेली असते. हरकत आली की नेमकी इथेच येते. अर्ज मंजूर झाल्याचा कागद नसला की बँक नव्या सह्या घेत नाही. जुना खजिनदार एव्हाना पुण्याला मुलाकडे गेलेला. मग चहावाल्याचे पैसे खिशातून! म्हणून नियमावली लिहितानाच नोटीस सात दिवसांची ठेवा आणि ईमेलने चालेल असं स्पष्ट घाला.

परदेशातल्या मातृसंस्थेने देणगी देऊ केली, तर सरळ ‘सध्या नको’ कळवा. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालच्या नोंदणीला संस्थेला तीन वर्षं पूर्ण आणि त्या काळात पंधरा लाखांचा खर्च झालेला लागतो. त्यानंतरही पैसे फक्त दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात घ्यावे लागतात. देणगी नेहमीच्या खात्यात घेणं हा गुन्हा आहे.

आमचं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं नोंदणीच नको. सुरुवात बहुभाषी कवितावाचनाने करा, त्याला ती लागत नाही. आठ कविता, प्रत्येकी सहा मिनिटं. आधी मूळ भाषेत, ऐकणाऱ्याला एक अक्षर कळलं नाही तरी; मग मराठी अनुवाद. उलट केलं की मूळ कविता चालू असताना लोक मोबाइल काढतात. कवी हयात असेल किंवा जाऊन साठ वर्षं झाली नसतील, तर अनुवादाची परवानगी लेखी घ्या, ईमेल पुरतो.

साठ खुर्च्यांचा हॉल पुरे, गडकरी रंगायतनसारख्या मोठ्या नाट्यगृहाची हौस नंतर. आणि रविवार दुपार टाळाच. ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लोकलला मेगाब्लॉक लागला की वाशीचे कवी वाशीतच राहतात.