एका रस्त्यावरची दोन मैदानं

स्कॉटलंडमध्ये राहते म्हटलं की घरच्यांचा, विशेषतः मावसभावंडांचा, पहिला प्रश्न ठरलेला असतो: सेल्टिक की रेंजर्स? ग्लासगोच्या त्या दोन फुटबॉल क्लबांचं वैर जगभर टीव्हीवर दिसतं, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. पण मी राहते डंडीत. इथे तो प्रश्न विचारत नाहीत. इथे विचारतात, रस्त्याच्या कोणत्या टोकाचे तुम्ही?

शहराच्या उत्तरेला, चढावर, एक रस्ता आहे. त्याच्या एका तुकड्याचं नाव सँडमन स्ट्रीट, पुढच्या तुकड्याचं टॅनडाईस स्ट्रीट. पहिल्यावर डेन्स पार्क, म्हणजे डंडी एफसीचं मैदान. दुसऱ्यावर टॅनडाईस पार्क, म्हणजे डंडी युनायटेडचं. मधलं अंतर जेमतेम दोनशे मीटर. मोठ्या क्लबांची इतकी जवळजवळची मैदानं ब्रिटनमध्ये दुसरीकडे कुठेही नाहीत. शहराच्या मधोमध लॉ नावाची टेकडी आहे, तिच्या माथ्यावर उभं राहिलं की दोन्हींचे पत्रे आणि दिव्यांचे खांब एका नजरेत येतात. पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथे नेते. टे नदी आणि तिच्यावरचा लांबलचक रेल्वे पूल बघून झाला की पाठ वळवायला सांगते आणि मैदानं दाखवते. प्रत्येक जण हेच विचारतो की दोघांनी मिळून एकच का नाही बांधलं.

हा प्रश्न डंडीत मोठ्याने विचारू नये, एवढं मी त्यांना सांगते.

गाव जेमतेम दीड लाख वस्तीचं. एकेकाळी ते तागावर जगलं. बंगालातून कच्चा ताग जहाजांनी इथे यायचा आणि इथल्या गिरण्यांत त्याचं गोणपाट व्हायचं. पुढे हुगळीकाठीच गिरण्या उभ्या राहिल्या, इथलेच लोक तिकडे मुकादम आणि मॅनेजर म्हणून गेले, आणि डंडीचा धंदा उतरणीला लागला. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात आयर्लंडमधून हजारो माणसं पोटासाठी इथे आली. त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या, कारण गिरणीत कामाला बायकाच जास्त असत. या आयरिश वस्तीतून १९०९ मध्ये एक क्लब निघाला, डंडी हायबर्नियन. डंडी एफसी त्याआधीचा, १८९३ चा, ईस्ट एंड आणि अवर बॉईज असे दोन जुने क्लब एकत्र होऊन झालेला. म्हणजे थोरला एक, आणि त्याच्याच रस्त्यावर येऊन बसलेला धाकटा एक.

धाकट्याने १९२३ मध्ये नाव बदलून डंडी युनायटेड केलं, सगळ्या गावाने आपलं म्हणावं म्हणून. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. ग्लासगोत क्लबाच्या रंगाबरोबर कॅथलिक की प्रोटेस्टंट हेही चिकटून येतं. डंडीत ते पुसट होत गेलं. राहिली ती घराघरांतली वाटणी. एकाच घरात बाप गडद निळा (डंडी एफसी), आई नारिंगी (युनायटेड), पोरं दोन्हीकडे, असं इथे सर्रास असतं.

आमच्या शेजारी तेच आहे. आजोबा डंडी एफसीचे, आजी युनायटेडच्या. (मी दोघांना समोर नावानेच हाक मारते, इथली तीच रीत आहे, लिहिताना मात्र आजोबा-आजीच येतं.) लग्न झालं तेव्हा आजींच्या वडिलांनी जावयाला धर्म विचारला नाही, डर्बीच्या, म्हणजे गावातल्या या दोन संघांच्या आपसातल्या सामन्याच्या, दिवशी जेवायला कोणाकडे येणार ते विचारलं, असं आजी सांगतात. आजोबा अजून तो प्रश्न विसरलेले नाहीत.

आजोबांकडे अभिमानाला जागा आहे. १९६२ मध्ये डंडी एफसी स्कॉटलंडचा विजेता झाला. मॅनेजर होते बॉब शँकली, लिव्हरपूल क्लबाचे मॅनेजर बिल शँकली यांचे थोरले भाऊ. पुढच्या हंगामात युरोपियन कपमध्ये, म्हणजे युरोपातल्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेत, पहिल्याच फेरीत जर्मनीचा कोलोन डेन्स पार्कवर आला आणि ८-१ ने हरून गेला. अॅलन गिल्झीनने त्यात हॅटट्रिक केली. उपांत्य फेरीत डंडी मिलानकडून हरली, आणि त्या वर्षीचा कप मिलाननेच नेला. आजोबा तेव्हा शाळकरी पोर होते. कोलोनच्या सामन्याचं बोलताना त्यांचा आवाज आजही चढतो, हात हवेत जातात, आणि आजी मुकाट्याने टीव्हीचा आवाज वाढवतात.

कारण आजींचं उत्तर तयार असतं: १४ मे १९८३.

त्या दिवशी हंगामाचा शेवटचा सामना होता, आणि तो नेमका डंडी एफसीविरुद्ध, डेन्स पार्कवर. युनायटेड जिंकली तर इतिहासात पहिल्यांदा स्कॉटलंडची विजेती; चुकली तर सेल्टिक आणि अॅबरडीन एका गुणावर टपलेले. सुरुवातीलाच राल्फ मिल्नने लांबून चेंडू गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद उचलून टाकला. युनायटेड २-१ ने जिंकली. शेजाऱ्याच्या अंगणात, शेजाऱ्याला हरवून, शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत. त्याच्याआधी युनायटेडने दोनच मोठे चषक जिंकले होते, १९७९ आणि १९८० चे लीग कप. तेही दोन्ही डेन्स पार्कवरच, आणि त्यातला दुसरा तर डंडी एफसीलाच ३-० ने हरवून. म्हणजे युनायटेडचे पहिले तीन मोठे चषक दोनशे मीटरवरून घरी आले. डर्बी कितीही भडक असो, असा योग मला दुसऱ्या कुठल्या शहरात ठाऊक नाही.

हे ज्यांनी घडवलं ते जिम मॅक्लेन आधी डंडी एफसीतच खेळाडू आणि मग प्रशिक्षक होते. १९७१ च्या डिसेंबरात ते रस्ता ओलांडून युनायटेडचे मॅनेजर झाले आणि १९९३ पर्यंत त्याच पदावर राहिले. कडक माणूस, पोरांना लहानपणापासून हाताशी धरून घडवणारा. १९८३ नंतर रेंजर्सने बोलावलं तरी ते गेले नाहीत. पुढच्या वर्षी युनायटेडही युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत पोचली. घरी रोमाला २-० ने हरवलं, रोममध्ये ३-० ने गमावलं, आणि पंचांना लाच द्यायच्या प्रयत्नावरून रोमावर पुढे कारवाई झाली. १९८७ मध्ये बार्सिलोनाला घरी आणि त्यांच्या मैदानावरही हरवलं. १९६६ चे धरून बार्सिलोनाविरुद्ध चार सामने, चार विजय. दीड लाखांच्या गावातून एकाच रस्त्यावरचे दोन्ही क्लब युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत गेलेले आहेत. घरी फोनवर सांगितलं तर भावाला खरं वाटेना. मी त्याला दोनदा सांगितलं.

आता डर्बीच्या दिवसाबद्दल. हिलटाऊनच्या चढावरून माणसं वर येतात तेव्हा दोन्ही रंग मिसळलेले असतात: गडद निळे मफलर, नारिंगी मफलर, एकमेकांना टोमणे, मध्येच एखाद्याच्या खांद्यावर हात. (हा नारिंगी रंगही गमतीचा आहे. १९६७ च्या उन्हाळ्यात युनायटेड अमेरिकेत डॅलस टॉर्नेडो या नावाने खेळली, तिथला रंग आवडला, आणि १९६९ पासून काळा-पांढरा जाऊन तो आला.) वर पोचल्यावर पोलीस रस्त्यात उभे असतात आणि तिथे गर्दी दोन भागांत तुटते. बाप एका फाटकाकडे, मुलगा दुसऱ्या फाटकाकडे. आतमध्ये मी मॅकरोनी पाय घेते, कडक पीठाच्या वाटीत चीजमधली मॅकरोनी. मांस न खाणाऱ्याला स्कॉटिश मैदानावर तोच आधार. थंडीत बोटं बधिर झालेली असतात, ती वाटी हातात धरली की जरा जीव येतो.

तिकीट मिळालं नाही तर घरीच थांबते, आणि मग कानांनी सामना पाहते. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या बाजूला आहे. घरच्या संघाने गोल केला की आवाज लाटेसारखा येतो, भरून, सगळीकडून, आणि बराच वेळ टिकतो. पाहुण्या संघाने केला की आवाज लहान, एकाच कोपऱ्यातून, पण तीक्ष्ण असतो. आणि बाकीच्या मैदानाची शांतता त्याच्या भोवती ऐकू येते. शिट्टीच्या आधीच भिंतीपलीकडे कोणाची खुर्ची सरकली त्यावरूनही मला निकाल कळतो.

तरीही, मला या शहरातली सगळ्यात वाईट वर्षं वाटतात ती डर्बी नसलेली.

स्कॉटिश लीगमध्ये तळाला राहिलेला संघ खालच्या विभागात ढकलला जातो, हे आपल्याकडे क्रिकेट पाहणाऱ्यांना पटकन उमगत नाही. २ मे २०१६ ला युनायटेड तशीच कड्यावर होती आणि सामना होता डेन्स पार्कवर. अधिक वेळेत क्रेग वायटन नावाच्या विशीच्या आतल्या पोराने गोल केला, डंडी २-१ ने जिंकली, आणि युनायटेड खाली गेली. शेजाऱ्याने शेजाऱ्याला स्वतःच्या हाताने खाली ढकललं. डंडीचे लोक त्यावर अजून गाणी म्हणतात. आजोबांनी त्या तारखेचं तिकीट फ्रेम करून जिन्यात लावलंय, आजी त्याच्यासमोरून रोज वर-खाली करतात.

पण त्यानंतर काय झालं? पुढच्या आठ हंगामांत दोघं फक्त दोनदा एका विभागात होते. २०१९ मध्ये डंडी एफसीही खाली आली, त्या ऑगस्टमध्ये युनायटेडने टॅनडाईसवर ६-२ ने वचपा काढला, आणि पुन्हा ताटातूट. एक वर गेला की दुसरा खाली. २०२३ मध्ये तर डंडी वर चढली त्याच वेळी युनायटेड उतरली. त्या वर्षांत एखाद्या शनिवारी एका मैदानावर दिवे असायचे, दुसरं अंधारात. आजोबा जिंकून घरी यायचे आणि सांगायला समोर कोणी नसायचं, कारण आजींचा संघ कुठेतरी दूर, छोट्या मैदानावर खेळत असायचा. त्यांची चिडचिड मी पाहिली आहे. शेजाऱ्याला हरवायचं असतं; तो दिसेनासा व्हावा असं मनापासून कोणालाच वाटत नाही. भाऊबंदकीत बांधावरून भांडणारे दोन भाऊ असतात ना, त्यातला एक मुंबईला निघून गेला की दुसऱ्याला शेतात करमत नाही, तसं हे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये दोघं पुन्हा वरच्या विभागात समोरासमोर आले, २-२ बरोबरी झाली, आणि त्या संध्याकाळी आमच्या भिंतीपलीकडे बऱ्याच दिवसांनी कडाक्याचं भांडण ऐकू आलं. मला इतका आनंद झाला की मी चहा घेऊन तिकडे गेले.

आता नवी काळजी आहे. डंडी एफसीने डेन्स पार्क सोडून गावाच्या वायव्येला, कॅम्परडाऊन पार्कजवळ, नवं स्टेडियम बांधायचा बेत केव्हाचा मांडलेला आहे. कारणं खोटी नाहीत. डेन्सचं मुख्य स्टँड १९२१ चं आहे. पावसाचं पाणी मैदानात साचतं. २०२४ च्या वसंतात रेंजर्सविरुद्धचा सामना त्यापायी एकदा नव्हे, दोनदा पुढे ढकलावा लागला, आणि देशभर नाचक्की झाली. पैसा उभा करायचा तर नवी जागा लागते, हेही समजतं.

तरी माझं मत विचाराल तर डेन्सचा निचरा सुधारा, स्टँड डागडुजी करून जपा, पण तिथून हलू नका. गावोगावच्या हमरस्त्यांवर वाहनतळात उभी असलेली स्टेडियमं हवी तेवढी आहेत. सँडमन स्ट्रीटवरून टॅनडाईस स्ट्रीटवर चालत, हरून किंवा जिंकून, समोरच्याच्या फाटकासमोरून घरी जावं लागणं हे फक्त इथे आहे. आणि ते एकदा गेलं की पैशाने परत बांधता येणार नाही.

परवा हाच विषय निघाला. आजींना माझं म्हणणं पूर्ण मान्य आहे, डंडीने कुठेही जाऊ नये, असं त्या टेबलावर हात आपटून म्हणाल्या. आजोबांना अजून पटलेलं नाही. त्यांना कोरडं मैदान हवंय.