डबीवरचं नाव नको, बॅच नंबर बघा

ऑगस्ट २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक घेतलं आणि रायफल घ्यायची म्हणणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्यामुळे कोल्हापूरला नेमबाजी नवी नाही. तरीही नव्या पालकांचे पहिले दोन प्रश्न अजून तेच असतात : बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, कुठला घ्यायचा आणि छर्रे कुठल्या कंपनीचे?

बोअरचा प्रश्न दोन मिनिटांत मिटतो. १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल या दोन्ही प्रकारांत ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७, एवढाच बोअर चालतो. परदेशी व्हिडिओ बघून .२२ ची एअरगन मागणारे भेटतात. त्या बोअरला १० मीटरच्या स्पर्धेत जागा नाही, शिवाय शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरच्या वरच्या किंवा २० ज्यूलच्या वरच्या एअरगनला परवाना लागतो. स्पर्धेची रायफल साधारण साडेसात ज्यूलची असते, त्यामुळे जोर वाढवण्याच्या मागे लागण्यात काही अर्थ नाही. कागदाला भोक पाडायचंय, भिंतीला नाही.

दुसरा काडतुसाचा .२२, म्हणजे ५० मीटर रायफलचा. तो परवान्याचा मामला. ‘काडतुसं घरी भरली तर स्वस्त पडतील का’ असं कुणी ना कुणी विचारतंच. एक तर काडतूस बनवायला शस्त्र अधिनियम १९५९ खाली वेगळा परवाना लागतो. दुसरं म्हणजे .२२ रिमफायर आहे : ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि फायरिंग पिन ती कडच चेपते. चेपलेली कड पुन्हा वापरता येत नाही. सेंटरफायर काडतुसाला मागची टोपी बदलता येते, इथे टोपीच नसते. म्हणजे आपल्या हातात भरणं नाही, फक्त निवडणं आहे. आणि ते नीट करणारे फार थोडे.

पेलेटपासून, म्हणजे छर्ऱ्यापासून सुरू करू. रायफलचा मॅच पेलेट सपाट तोंडाचा, साधारण ०.५३ ग्रॅमचा. पिस्तुलाचा थोडा हलका. डबीत ५००. डबीवर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो : ४.४९, ४.५०, ४.५१. उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, वाढलेला माणूस इथे लगेच व्हर्निअर काढतो. काढू नका. साध्या व्हर्निअरचा लीस्ट काउंटच, म्हणजे सगळ्यात बारीक माप, ०.०२ मिलिमीटर असतो, मायक्रोमीटर लावला तर मऊ शिसं दबतं आणि आकडा खोटा येतो. व्यास मोजायचा नसतो, झाडून बघायचा असतो.

त्याच कंपनीचा, त्याच व्यासाचा पेलेट दुसऱ्या बॅचमध्ये वेगळा वागतो, कारण साचा झिजतो, बदलला जातो. म्हणून ‘अमुक कंपनी भारी’ हे वाक्य अर्धवट आहे. कुठली बॅच, कुठल्या नळीतून, हे सांगितल्याशिवाय त्याला किंमत नाही. शेजारच्या लेनवर काटा किर्र बसणारी बॅच तुमच्या नळीतून पसरू शकते.

आता हा फरक किती मोठा? १० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर. पेलेट साडेचार मिलिमीटरचा असल्यामुळे त्याचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडलं तरी १०.० मिळतात. तिथून आत प्रत्येक पाव मिलिमीटरला दशांश वाढतो आणि १०.९ साठी केंद्र पाव मिलिमीटरच्या आत लागतं. समजा एका बॅचचा ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या शॉटच्या भोकांचा झुबका, बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत ५.० मिलिमीटर आला. त्यातून पेलेटचे ४.५ वजा करा, उरले ०.५. म्हणजे सगळ्यात लांबचा शॉटसुद्धा १०.९. दुसऱ्या बॅचचा ग्रुप ६.५ चा : वजा करून २.०, लांबचा शॉट मध्यापासून १ मिलिमीटरवर, १०.६. तुम्ही काहीही न चुकता. शॉटमागे सरासरी ०.१ जरी गेला तरी ६० शॉटला ६ गुण जातात, आणि फायनलचा कट ऑफ त्याहून बारीक फरकाने चुकतो.

पण ज्याची सरासरी अजून १०.२ च्या खाली आहे त्याने या भानगडीत पडू नये असं माझं मत. त्याच्या हातचा थरथराट बॅचच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. परवडणारा मॅच पेलेट घ्यावा आणि सराव करावा.

चाचणी अशी. रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात धरायची, हातात नाही. व्हाइसच्या जबड्यांना चामडं किंवा जाड रबर लावायचं आणि पकड लाकडाला नाही तर ॲक्शनला (नळी बसवलेल्या धातूच्या भागाला) किंवा रेलला द्यायची. असं फिक्स्चर उद्यमनगरातला कुठलाही फिटर करून देईल, फक्त टेबल जड हवं. हलणाऱ्या टेबलावरची चाचणी म्हणजे टेबलाची चाचणी. हे सगळं हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या रायफलसाठी. स्प्रिंगची रायफल व्हाइसमध्ये आवळली तर ग्रुप उलट फुटतो, तिला मागे सरकायला मोकळीक लागते.

आधी स्टॉकचे (दस्त्याचे) स्क्रू टॉर्क रेंचने उत्पादकाच्या आकड्यावर तपासा. सिलिंडर भरा आणि काटा १०० बारच्या खाली जायच्या आत थांबा. नळी साफ केली असेल तर वीस-तीस शॉट वाया घालवा. प्रत्येक वेळी पेलेट बदलला की दहा शॉट नुसते झाडा, कारण आधीच्या पेलेटचं शिसं आणि तेल नळीत असतं. हे दहा शॉट वाचवायला जाणारा माणूस दुसऱ्या पेलेटला पहिल्याच्या चुकीची शिक्षा देतो.

मग प्रत्येक बॅचचे दहा-दहा शॉटचे पाच ग्रुप. पाच शॉटचा ग्रुप देखणा येतो आणि फसवतो. चार बॅच असतील तर पहिली फेरी क-ख-ग-घ, दुसरी घ-ग-ख-क, आणि पुढेही तसंच उलटसुलट, म्हणजे हवेचा दाब आणि तापमान यांचा परिणाम एकाच बॅचच्या वाट्याला येत नाही. मोजताना टार्गेटचाच कागद वापरा. वहीचा कागद फाटतो, कड सापडत नाही. त्याच कागदावर एक एकटा शॉट मारून त्याचं भोक मोजा आणि तेवढंच वजा करा, कारण कागद मागे दबून भोक ४.५ पेक्षा जरा लहान दिसतं. पाचांतला सगळ्यात छान ग्रुप भिंतीवर लावण्यासाठी असतो. निवड सरासरीवर करायची, आणि सरासरी सारखी आली तर ज्याचा सगळ्यात वाईट ग्रुप कमी वाईट ती बॅच.

ग्रुपचा आकारही बोलतो. उभा लांबट आला तर वेग कमी-जास्त होतोय : रेग्युलेटर, म्हणजे हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग, बघा. वेगात सेकंदाला तीन मीटरचा फरक पडला तरी १० मीटरवर सुमारे अर्धा मिलिमीटर वर-खाली होतो. आडवा आला तर व्हाइस सरकतोय. दोन वेगळे छोटे ग्रुप पडले तर काहीतरी ढिलं आहे. नऊ एकात आणि एक बाहेर असेल तर बहुतेक पेलेटचा स्कर्ट, म्हणजे मागची पातळ पोकळ कड, चेपलेला होता. पेलेट डबीतून ओतायचे नाहीत, उचलायचे.

वजन करून निवडण्याचा नाद बऱ्याच जणांना आहे. मिलिग्रॅम दाखवणारा काटा गुजरीत, सराफांच्या पेठेत, सहज बघायला मिळतो. चांगल्या मॅच पेलेटमध्ये त्यातून फार काही हाती लागत नाही, तोच तास स्कर्ट बघण्यात घालवा.

बॅच सापडली की दुकानदाराला फोन करायचा, तोही चाचणीच्या दिवशीच, कारण माल बाहेरून येतो आणि पुढच्या खेपेला तोच नंबर येईल याची खात्री नाही. दहा डब्या म्हणजे पाच हजार पेलेट. फक्त स्पर्धेला आणि त्याआधीच्या आठवड्याला वापरले तर खूप पुरतात. क्लबातल्या चौघांनी एकेक वेगळी बॅच आणून वाटून घेतली तर खर्च चौथाईवर येतो.

.२२ ला पद्धत हीच, अंतर ५० मीटर. तिथे दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, गोळी ५.६ ची, म्हणजे केंद्रं १६ मिलिमीटरच्या वर्तुळात राहिली तर सगळे दहा. गोळी ४० ग्रेन वजनाची, वेग मुद्दाम आवाजापेक्षा कमी ठेवलेला, कारण आवाजाचा वेग ओलांडून परत खाली येताना गोळी डळमळते. त्यामुळे ‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेली पेटी टार्गेटसाठी घेऊ नका. एली आणि लापुआ या कंपन्या त्यांच्या केंद्रात तुमच्याच रायफलवर लॉट, म्हणजे काडतुसांची बॅच, तपासून देतात. इथे ते करताना वारा पडलेला असेल ती सकाळ धरा, नाहीतर मोजाल ते वाऱ्यालाच.

आणि आपला पावसाळा. जूनपासून डबी उघडी राहिली की शिशावर पांढरी पूड चढते. तसे पेलेट नळीत घालायचे नाहीत. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल. हातपंपाने सिलिंडर भरत असाल तर या महिन्यांत पाणी आत जातं, पंपाचा फिल्टर वरचेवर बदला. सिलिंडरवरची तारीखही वाचा. बहुतेकांची मुदत दहा वर्षं असते आणि सेकंडहँड रायफल घेताना तीच बघायची राहते.

ती पांढरी पूड बोटालाही लागते. रेंजवर भडंगाची पुडी फोडायच्या आधी साबणाने हात धुवा, मुलांचे तर समोर उभं राहून धुवून घ्या.