सहा तासांचं विमान

जुलैचा पहिला आठवडा. पऱ्हाटी टोबून, म्हणजे कापसाची लावणी, झाली होती आणि उपकेंद्रात शुगर-बीपीवाल्यांची गर्दी परत सुरू झाली होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. गावात सगळे सिस्टरच म्हणतात.

त्या दिवशी एक काकू नातवाला घेऊन आल्या. वय ६४, दिवसातून दोनदा इन्सुलिन. घरी फ्रीज नाही, बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवतात आणि एकही डोस चुकवत नाहीत. लेकीच्या बाळंतपणासाठी चार दिवसांनी अमेरिकेला निघायचं होतं.

“इन्सुलिन मोठ्या ब्यागेत ठेवलं तं चालंल ना जी? रात्री आठचं नागपुरात घेतो, सकायचं लेकीच्या घरी. सहाच तासाचं तं विमान हाय.”

नातवानं तिकीट पुढं केलं. मुंबईहून रात्री १.५० ला सुटणार, न्यूयॉर्कला सकाळी ७.५५ ला पोचणार. तारीख तीच. वाचणारा सहा तासच म्हणेल. पण तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या ठिकाणच्या घड्याळाची असते, आणि जुलैत न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं असतं. म्हणजे विमानात साडेपंधरा तासांच्या वर. काकू उतरतील तेव्हा गावात संध्याकाळचे ५.२५ झालेले असतील. आदल्या रात्रीच्या डोसला साडेएकवीस तास, मध्ये दोनदा जेवण, आणि बाटली विमानाच्या पोटात. मला दरदरून घाम फुटला.

काकूंना पटेना. मग शेजारच्या जिल्हा परिषद शाळेतून पृथ्वीगोल आणला. मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरलं, नातवानं दुसरं न्यूयॉर्कवर ताणलं. भिंतीवरच्या नकाशात वाट अरबस्तानावरून सरळ दिसते, पण ताणलेला दोरा रशिया, नॉर्वेवरून चढत आइसलँडच्या कडेनं खाली उतरला. जवळची वाट हीच, तरी साडेबारा हजार किलोमीटर. नागपूर-मुंबई सरळ मोजलं तर सातशेही भरत नाही. वारा आणि कोणत्या देशाचं आकाश बंद आहे हे पाहून विमानाची वाट थोडी बदलते. वर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो, म्हणून जाताना येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. काकूंनी त्या दोऱ्यावरून बोट फिरवलं. “एवढं लांब देली म्या पोरगी,” म्हणाल्या आणि गप्प बसल्या.

डोस बदलणं माझ्या अधिकारात नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना यवतमाळच्या डॉक्टरांकडं पाठवलं. पश्चिमेकडं जाताना दिवस लांबतो, त्यामुळे दोन डोसांचा रोजचा हिशेब मोडतो. त्यांनी कोणता डोस केव्हा आणि किती, ते जेवणाशी जोडून मराठीत लिहून दिलं. मी इन्सुलिन, सुया, शुगर तपासायचं यंत्र, बिस्किटं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत भरायला लावली. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकतं आणि एकदा गोठलं की ते टाकूनच द्यावं लागतं. नातवानं आपलं घड्याळ काकूंच्या मनगटावर बांधलं आणि बजावलं, “आजी, पोचेपर्यंत काटे फिरवू नको, ही आपल्या गावची वेळ हाय.”

घरून दुपारी तीनला निघालेल्या काकू सव्वीस तासांनी उतरल्या. उपकेंद्र बंद झालं होतं, पण मी फोन जवळ घेऊन तिथंच बसले होते. लेकीनं विमानतळाबाहेर गाडीतच शुगर तपासली : १७२. मी रजिस्टर उघडून आकडा लिहिला आणि पुढं दोन वेळा टाकल्या, संध्याकाळचे ६.४० आणि सकाळचे ९.१०.