बाईंचा सोमवारचा तास

शाळेच्या ग्रुपवर अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेचा मेसेज आला, त्यात "आपल्या क्षेत्रातल्या वाटचालीबद्दल लिहा" असं होतं. माझं क्षेत्र क्रिकेटच्या आकड्यांचं, पण लिहायला बसलो तर वाटचाल राहिली बाजूलाच आणि बाईच समोर उभ्या राहिल्या. आपल्या शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण नुसतं 'बाई' म्हटलं की गणिताच्या बाई, हे १९८० ते २००० मधल्या कुठल्याही बॅचला सांगावं लागणार नाही. स्वतःचं नाव छापून आलेलं त्यांना कधी आवडलं नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.

तारीख २३ मार्च १९९२, सोमवार. मी आठवीत होतो, वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली. आदल्या दिवशी सिडनीला वर्ल्ड कपची सेमीफायनल झाली होती, इंग्लंड आणि साउथ आफ्रिका. साउथ आफ्रिकेला १३ बॉलमध्ये २२ रन हवे होते, तेवढ्यात पाऊस आला, थांबल्यावर सांगितलं की आता एकच बॉल उरलाय आणि रन हवेत २१. तिथल्या स्कोअरबोर्डवर तर २२ दाखवत होते. वर्गात सगळे जण चिडलेले, भारताची मॅच नसूनही! कोणी म्हणत होतं अंपायर विकले गेले, कोणी म्हणत होतं गोऱ्यांनी मुद्दाम केलं. बाई आत आल्या, हजेरी झाली, उजळणीचं पुस्तक टेबलावर पालथं ठेवलं आणि म्हणाल्या, "भांडू नका, आधी हिशोब मांडू."

फळ्याच्या डाव्या बाजूला त्यांनी सगळं लिहिलं. इंग्लंड ४५ ओव्हरमध्ये २५२, म्हणजे जिंकायला २५३. साउथ आफ्रिका ४२.५ ओव्हरमध्ये २३१. पावसाने दोन ओव्हर गेल्या, उरला एक बॉल. आता टार्गेटमधून किती वजा करायचे? तेव्हाचा नियम असा होता की पहिल्या टीमच्या सगळ्यात कमी रनांच्या ओव्हर काढायच्या. इंग्लंडच्या तशा दोन ओव्हरमध्ये मिळून एकच रन होता, साउथ आफ्रिकेच्या मेरिक प्रिंगलने इतकी टाइट बॉलिंग टाकली होती. म्हणून २५३ चे झाले २५२, बॉल गेले १२ आणि रन गेला एक. बाई म्हणाल्या, "बघा, ज्याने सगळ्यात चांगली ओव्हर टाकली त्याच्याच टीमला त्याची शिक्षा झाली. कोणी लबाडी केलेली नाही रे, प्रश्नच चुकीचा विचारलाय."

मग त्यांनी उजवीकडे चार आकडे लिहिले, ३२-२७-५-०, म्हणजे ओव्हर, त्यातल्या मेडन (एकही रन न दिलेल्या ओव्हर), दिलेले रन आणि विकेट. विचारलं, "ही बॉलिंग कशी आहे?" आम्ही म्हटलं भारी आहे बाई, पण विकेट नाही. "बरं, मग सरासरी काढा." सरासरी नुकतीच शिकवून झाली होती, दिलेले रन भागिले विकेट, म्हणजे पाच भागिले शून्य. वर्ग गप्प. शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, शून्याने भागता येत नाही." बाई इतक्या खूश झाल्या! म्हणाल्या, "शाब्बास. मग सरासरी निघत नाही म्हणून हा बॉलर वाईट का?" पुढची वीस मिनिटं आम्ही त्याच्यावर भांडलो आणि बाईंनी भांडू दिलं. मग पाच भागिले बत्तीस करायला लावलं, ओव्हरला ०.१६ सुद्धा येत नाही. आणि तास संपता संपता सांगितलं की हा बॉलर म्हणजे आपल्या नाशिकचे बापू नाडकर्णी, १९६४ ची मद्रास टेस्ट, समोर इंग्लंडच, ओळीने २१ मेडन, सलग १३१ बॉलवर एकही रन नाही.

माझं पुढचं सगळं काम त्या पाऊण तासातून आलंय असं मी मानतो. आकडा बरोबर असूनही तुमच्या प्रश्नाचं उत्तर तो देत नसेल तर दुसरा आकडा शोधा, एवढंच बाईंनी शिकवलं, आणि तेवढंच मी आजपर्यंत करत आलोय.

त्या उन्हाळ्यानंतर बाईंनी मला स्कोअरबुक धरायला बसवलं. आंतरशालेय मॅचेस नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर असायच्या, पी.टी.चे सर टीम सांभाळायचे आणि स्कोअरिंगचं टेबल बाईंचं. लहानपणी त्या रेडिओवर बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंटरी ऐकत वहीत स्कोअर लिहायच्या, तिथून त्यांना ही सवय. सहाही बॉल डॉट, म्हणजे बिनरनाचे गेले की ते टिंब जोडून त्याचा एम करायचा, त्या ओव्हरमध्ये विकेट असेल तर डब्ल्यू, बाय आणि लेगबाय (बॅटला बॉल न लागता मिळालेले रन) बॉलरच्या नावावर टाकायचे नाहीत, वाइड आणि नोबॉल टाकायचे. दर ओव्हरला बेरीज तीन ठिकाणी जुळली पाहिजे, बॅट्समनचे रन अधिक एक्स्ट्रा, बॉलरचे रन अधिक बाय-लेगबाय, आणि वरची चालू बेरीज. जुळली नाही तर पुढचा बॉल पडायच्या आत शोधायचं कुठे गेलं. मुलं ऊन खात बसायची आणि बाई एका हाताने पदर सावरत दुसऱ्या हाताने बॉल लिहीत असायच्या, डोकं वर करून एकदाही विचारायच्या नाहीत की काय झालं आत्ता.

पुढे इंजिनीअरिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी केली, आणि मग एका राज्याच्या रणजी टीमबरोबर अ‍ॅनालिस्ट म्हणून लागलो. तेव्हा हे काम आपल्याकडे नवीनच होतं, २००३ च्या वर्ल्ड कपच्या आसपास भारतीय टीमबरोबर लॅपटॉपवाला माणूस दिसायला लागला तेवढंच लोकांना माहीत. साइटस्क्रीनच्या वर कॅमेरा लावायचा, दिवसभर एकेक बॉल कोड करायचा, लाइन कुठली, लेंथ कुठली, शॉट कुठला, आणि रात्री हॉटेलवर प्रत्येक प्लेअरच्या क्लिप वेगळ्या काढून द्यायच्या. नंतर ट्वेंटी-ट्वेंटीच्या एका टीमकडे गेलो. तिथे तर सगळं मॅच-अपवर चालतं, या बॅट्समनला डावखुरा स्पिनर, त्याला शॉर्ट बॉल. इंग्लंड टीमचा अ‍ॅनालिस्ट नेथन लीमन याने २०२० मध्ये केपटाउनला बाल्कनीतून कॅप्टनला कोडचे आकडे दाखवले तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण आमच्यासाठी ते रोजचंच काम होतं, फक्त सगळ्यांना दिसलं इतकंच.

टीमच्या मीटिंगमध्ये मी बाईंचा प्रश्न कितीतरी वेळा विचारलाय. चार ओव्हरमध्ये १८ रन आणि विकेट शून्य, असा बॉलर टीमबाहेर काढायची चर्चा निघाली की मी सांगायचो, त्याने समोरच्या बाजूने दुसऱ्याला विकेट मिळवून दिल्यात का ते बघू, त्या ओव्हर पॉवरप्लेच्या, म्हणजे सुरुवातीच्या, फिल्डर लांब ठेवायला बंधन असतं तेव्हाच्या होत्या का ते बघू. काही कोच ऐकायचे आणि अशा कोचबरोबर काम करण्यासारखा आनंद नाही. काही ठिकाणी मात्र निर्णय आधीच झालेला असायचा आणि माझ्याकडून फक्त त्याला शोभेल असा आकडा हवा असायचा. तसं मी दिलं नाही. तिथून बाहेर पडलो आणि मीडियात आलो.

लोक विचारतात टीमचं काम सोडून टीव्हीत कशाला गेलास, टीममध्ये मान जास्त. मला तसं वाटत नाही. टीममध्ये जे शोधलं ते दहा-बारा लोकांना कळायचं आणि तिथेच संपायचं, बाहेर बोलायची बंदी. इथे मराठी कॉमेंटरी आहे, आयपीएल मराठीत ऐकता येते, गावाकडची आजीसुद्धा मोबाइलवर ऐकते आणि तिला कळेल असं सांगायचं असतं. दोन बॉलच्या मधे अर्धा मिनिट, त्यात कॉमेंटेटरच्या कानात एक वाक्य द्यायचं, तेवढ्यात ग्राफिकवाल्याला आकडा द्यायचा. "या बॅट्समनला या बॉलरने तीन वेळा आउट केलंय" असलं ग्राफिक मला अजिबात चालत नाही, किती बॉलमध्ये ते सांगा, बारा बॉलमध्ये तीन आणि शंभर बॉलमध्ये तीन यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रोड्यूसरशी यावरून माझी नेहमी खडाजंगी होते आणि मी मागे हटत नाही.

पाऊस आला की मात्र सगळे माझ्याकडे बघतात. पावसाने ओव्हर गेल्या की नवं टार्गेट काढायची पद्धत म्हणजे डकवर्थ-लुईस, ती पहिल्यांदा वापरली १ जानेवारी १९९७ ला, हरारेत, झिम्बाब्वे आणि इंग्लंडच्या मॅचला, आता त्यात स्टर्नचंही नाव जोडलंय. मी मराठीत एवढंच सांगतो की प्रत्येक टीमकडे दोन गोष्टी शिल्लक असतात, ओव्हर आणि विकेट, दोन्हींचा मिळून एक हिशोब आहे, पावसाने त्यातलं किती गेलं तेवढंच टार्गेट बदलतं. 'शिल्लक' हा शब्द बाईंचा, त्या व्यवहारगणित शिकवताना तो सतत वापरायच्या. पहिल्यांदा ऑन एअर हे समजावून सांगितलं तेव्हा सगळ्यात आधी बाईंना फोन करावासा वाटला, पण बाई त्याआधीच गेल्या होत्या. रणजीचं काम सुरू झालं तेव्हा भेटलो होतो, तेव्हा त्यांनी माझ्या लॅपटॉपवरचं शीट तासभर बघितलं आणि विचारलं, "बेरीज तीन ठिकाणी जुळते ना?" जुळते म्हटल्यावर मग चहा टाकला.

मागच्या वर्षी शाळेत येऊन गेलो. इमारत छान झालीय, मुलांना कॉम्प्युटर लॅब आहे, ते बघून बरं वाटलं. पण अर्ध्या मैदानावर पेव्हर ब्लॉक बसलेत आणि स्कोअर मोबाइलच्या अ‍ॅपवर. अ‍ॅप वाईट नाही, मीही वापरतो, पण अ‍ॅप स्वतःच बेरीज करतं त्यामुळे चूक कुठे झाली ते मुलाला शोधावं लागत नाही आणि शिकायचं ते नेमकं तिथेच होतं. एका मुलाला बापू नाडकर्णी कोण विचारलं तर त्याला माहीत नव्हतं. नाशिकच्या शाळेतल्या मुलाला हे माहीत नसावं याचं मला खरंच वाईट वाटलं, आणि यात मुलाचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलंच नाही.

तर समितीला माझी विनंती आहे. महोत्सवाच्या मॅचेससाठी स्कोअरबुकं मी पाठवतोय, आणि डिसेंबरमधले रविवार मी मोकळे ठेवलेत. इयत्ता पाचवीपासून पुढचा कोणीही विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी, खेळता येत नसलं तरी चालेल, त्यांना स्कोअरिंग शिकवायची माझी तयारी आहे, फी वगैरे काही नाही. नावं ऑफिसात द्यावीत. पेन्सिल आणि खोडरबर आपापलं आणायचं आणि सकाळी साडेसातला मैदानावर यायचं.