त्या मुली माझ्या कोण लागतात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. फोनवर विचारलंत, मंडळाच्या संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवता ठेवता विचारलंत, सांगलीला आले की जेवायला बसल्यावर विचारलंत. इथे अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमसाठी मी अख्खा हिवाळा अशी का अडकून असते, घरातली कार्यंसुद्धा मॅचच्या तारखा बघून का ठरवते. आणि २०२३ च्या मार्चमध्ये ताईने जे विचारलं तेच आता तुम्ही सगळे विचारता: "हरल्या तर हरल्या. त्या मुली तुझ्या कोण लागतात?"

आधी तुमचीच उत्तरं बाजूला ठेवते, कारण प्रश्न विचारून तुम्ही थांबत नाही. मला मुलगी नाही म्हणून. मुलगा शिकागोला गेला, घर रिकामं झालं म्हणून. लहानपणी खेळायचं राहून गेलं म्हणून. यातलं काहीही खरं नाही. मी मॅचना जायला लागले तेव्हा मुलगा घरातच होता, शाळेत होता. आणि खेळायचं माझं काही राहून गेलं नाही. शाळेत मैदानाच्या तासाला मी वर्गात बसून पुस्तक वाचायची आणि त्यात मला आनंद होता. माझ्या अपुऱ्या इच्छा त्या मुलींच्या खांद्यावर टाकू नका, त्यांच्यावर ओझी कमी नाहीत. बाकी क्रिकेटसाठी तुम्ही रात्ररात्र जागता तेव्हा विराट कोहली तुमचा कोण लागतो, असं मी कधी विचारलेलं नाही.

२०१८ च्या थंडीत माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकीकडे जास्तीचं तिकीट होतं, म्हणून गेले. विद्यापीठाचा असेंब्ली हॉल तुम्ही फोटोत पाहिलाय: १७,२२२ खुर्च्या, दोन्ही बाजूंनी भिंतीसारख्या चढत गेलेल्या. त्या दिवशी वरचे सगळे भाग रिकामे होते. छताला पुरुषांच्या टीमचे पाच राष्ट्रीय विजेतेपदांचे झेंडे, त्यात १९७६ चा, एकही मॅच न हरलेल्या टीमचा. मुलींच्या नावावर बिग टेनच्या, म्हणजे आमचं विद्यापीठ ज्या गटात खेळतं त्या गटाच्या, नियमित सीझनचं एकच विजेतेपद होतं, १९८३ चं.

त्या वर्षी लुईव्हिलहून नवी आलेली ग्रेस बर्गर नावाची मुलगी खेळत होती. चेहऱ्यावर काही नाही, बॉल पडला तरी नाही, चुकला तरी नाही. ड्रिबल करत फ्री थ्रोच्या रेषेच्या कोपऱ्यापर्यंत यायचं, एकदम थांबायचं, उडी मारायची आणि बॉल सोडायचा, हा तिचा शॉट. हल्ली बास्केटबॉलमध्ये सगळे सांगतात की एक तर लांबच्या रेषेबाहेरून तीन गुणांचा, म्हणजे तीनाचा, मारा नाहीतर थेट बास्केटखाली घुसा, मधला शॉट तोट्याचा. लांबून मारायचा आणि गुण दोनच. बर्गर पाच सीझन तोच शॉट मारत राहिली, आणि तो पडत राहिला. मला तिच्यात काय दिसलं म्हणाल, तर हे दिसलं. सगळे चुकीचं म्हणतात ती गोष्ट ती इतकी नीट करत होती की ती बरोबर होऊन बसली.

पुढच्या वर्षी मेनमधल्या गोरहॅमहून मॅकेन्झी होम्स आली. सहा फूट तीन इंच. पहिल्या वर्षी ती राखीव होती, बेंचवरून उठून यायची. बास्केटला पाठ करून बॉल घ्यायचा, एक पाय रोवायचा, दुसरा फिरवायचा, समोरची चुकीच्या बाजूला गेली की हलक्या हाताने बॉल आत ठेवायचा. दरवर्षी त्या पावलांत एक नवीन पाऊल यायचं. कुणी सांगितलं म्हणून नाही, मी मोजूनमापून बघत होते म्हणून मला ते कळायचं. २०२१ मध्ये करोनामुळे आम्हाला हॉलमध्ये जाता आलं नाही आणि नेमकी त्याच वर्षी टीम राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदा शेवटच्या आठांत गेली.

मग २०२२-२३. हा सीझन थोडक्यात सांगते, कारण तेव्हा मी तुम्हाला रोज सांगतच होते. नोव्हेंबरात बर्गरचा गुडघा दुखावला, ती काही मॅच बाहेर बसली, आणि तिच्याशिवायही टीम उभी राहिली. क्लोई मूर-मॅकनील बॉल सांभाळायला, ओरेगन सोडून आलेली सिडनी पॅरिश, मिनेसोटा सोडून आलेली सारा स्कालिया, आणि इस्राएलहून थेट आलेली पहिल्या वर्षाची यार्डेन गार्झोन, जी अशा शांतपणे तीनाचे मारायची की जणू घराच्या अंगणात आहे. ९ फेब्रुवारीला आयोवाला, म्हणजे देशभर गाजत असलेल्या केटलिन क्लार्कच्या टीमला, ८७-७८ हरवलं. दहा दिवसांनी पर्ड्यूची मॅच होती. मुलींच्या मॅचसाठी सगळ्या खुर्च्या विकल्या गेल्या, असं या विद्यापीठात पहिल्यांदाच झालं. चाळीस वर्षांनी बिग टेनचं विजेतेपद आलं. आमच्या कोच टेरी मोरेन यांना त्या वर्षी एपी वृत्तसंस्थेने देशातल्या सर्वोत्तम कोच ठरवलं.

धोक्याच्या खुणा होत्या, नव्हत्या असं नाही. आयोवाला त्यांच्या घरी खेळताना शेवटच्या क्षणाला क्लार्कने तीनाचा मारला आणि आम्ही ८५-८६ हरलो. मग बिग टेनच्या स्पर्धेत ओहायो स्टेटविरुद्ध २४ गुणांची आघाडी घालवली. ताई, तू तेव्हाच म्हणाली होतीस की या टीमला शेवट जमत नाही. मी तुझ्याशी भांडले. आजही भांडेन, चोवीस गुणांची आघाडी घ्यायला आधी चोवीस गुण चांगलं खेळावं लागतं.

राष्ट्रीय स्पर्धेत तेव्हा ६८ टीम होत्या. चार विभागांना चार अव्वल मानांकनं. इंडियानाच्या मुलींना ते पहिल्यांदा मिळालं. वरच्या सोळा टीमना पहिल्या दोन फेऱ्या आपल्याच हॉलमध्ये खेळायला मिळतात, म्हणजे दोन मॅच आमच्या गावात, मग विभागाच्या फेऱ्या ग्रीनव्हिलला, मग शेवटच्या चार टीम डॅलसला. ग्रीनव्हिलचं हॉटेल मी ठरवून ठेवलं होतं.

पहिल्या मॅचला होम्स गुडघ्यामुळे बसून होती. टेनेसी टेकला तिच्याशिवायही ७७-४७ हरवलं. सोमवारी, २० मार्चला, मायामी. नववं मानांकन. पण हीच टीम आदल्या फेरीत ओक्लाहोमा स्टेटविरुद्ध सतरा गुणांनी मागे पडून जिंकली होती, म्हणजे मागे पडण्याची त्यांना भीती नव्हती. आणि त्या रात्री पुढे गेल्या त्याच. सुरुवातीपासून त्या आमच्या मुलींच्या अंगावर आल्या. प्रत्येक पास उशिरा, प्रत्येक कट अडवलेला. आमचे नेहमी पडणारे तीनाचे रिंगला लागून बाहेर. त्यांच्या लोला पेन्डांडेला आत बॉल मिळत राहिला. हाफटाइमला आम्ही मागे होतो. हॉल भरलेला, आणि तरी लोक बोलत नव्हते. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्या कॉलेजात होत्या तेव्हा टायटल नाइन, म्हणजे शिक्षणसंस्थांत मुलगी म्हणून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा, आलेला नव्हता. मुलींना खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, प्रवासखर्च नाही. १९७२ मध्ये तो कायदा झाला, सिनेटमध्ये तो पुढे नेणारे बर्च बाय याच इंडियानाचे, आणि तोवर या बाईंचं शिक्षण संपलं होतं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अजून वीस मिनिटं आहेत."

त्या वीस मिनिटांबद्दल मला लिहायचं आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं जे काही उत्तर आहे ते तिथे आहे. आमच्या मुली परत आल्या. थोड्या थोड्या करत. होम्सच्या हालचालीत नेहमीची सहजता नव्हती, पायावर भार घेताना ती किंचित थांबत होती, तरीही बॉल मागत राहिली आणि वीसच्या वर गुण केले. फरक कमी व्हायचा, मायामी एक बास्केट करायची, पुन्हा तेच. मी उभी होते. शेवटच्या मिनिटात तीनने मागे, आणि काही सेकंद उरलेले असताना गार्झोनने तीनाचा सोडला. तो हवेत असतानाच मला माहीत होतं. ६८-६८. इतका आवाज त्या हॉलमध्ये मी त्याआधी ऐकला नव्हता. शेजारच्या बाईंनी माझा दंड घट्ट धरला होता.

मायामीने बॉल आत, डेस्टिनी हार्डनकडे दिला. तिने अंगावर माणूस असताना वळून उडी मारली. साडेतीन सेकंद उरले होते. ७०-६८. त्या साडेतीन सेकंदांत आमच्याकडून काही झालं नाही.

आणि मी काय केलं? टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारच्या बाई टाळ्या वाजवत होत्या, आमच्या मुली आत जाईपर्यंत, हात थकले तरी. मी बर्गरकडे बघत होते. तो तिचा कॉलेजचा शेवटचा खेळ होता, आणि ते तिला त्या क्षणी कळलेलं आहे हे इतक्या लांबूनही दिसत होतं. तिच्या चेहऱ्यावर पाच वर्षांत पहिल्यांदा काहीतरी होतं. मला राग आला होता. मायामीवर नाही, त्या आमच्यापेक्षा चांगलं खेळल्या. कशावर, हे मला तेव्हा सांगता आलं नाही, आजही नीट येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन. उद्या पाडवा, चक्का टांगलास का, म्हणून. मी नाही म्हटलं, का ते सांगितलं, आणि तिने तो प्रश्न विचारला. वर जानेवारीत मीच तिला पाठवलेला निरोप मला परत पाठवला: "या जिंकोत नाहीतर हरोत, मला यांचा खेळ बघायला मिळतो हेच पुष्कळ आहे."

ते मी खोटं लिहिलं नव्हतं. जानेवारीत ते खरं होतं. पण जानेवारीत टीम जिंकत होती, आणि जिंकत असताना निकालाची पर्वा नाही म्हणणं फार सोपं असतं. त्या बाईला, म्हणजे जानेवारीतल्या मला, आज समोर बसवलं तर मी विचारीन: होम्स दुखऱ्या पायावर परत परत उडी मारत होती ती काय तुला छान खेळ दाखवायला? तिला जिंकायचं होतं. मग ज्याची तिला एवढी आस होती ती गोष्ट मी बिनमहत्त्वाची कशी मानू? त्यावर जानेवारीतली मी म्हणेल, मग २८ विजय आणि ४ पराभवांचा तो सीझन वाया गेला का? नाही, तसंही नाही. स्टॅनफर्डही आदल्याच दिवशी आपल्या घरी हरली होती, तीही अव्वल मानांकित. याने काही बरं वाटत नाही, पण तसं झालं हे खरं आहे.

मग मी ताईला एक उत्तर तयार करून दिलं, आणि बरेच दिवस ते मला पटलं होतं. कॉलेजच्या टीमला पुढचं वर्ष नसतं. म्हणजे टीमला असतं, त्या मुलींना नसतं. व्यावसायिक टीममधला आवडता खेळाडू पुढच्या मोसमात परत दिसतो. इथे मुलगी अठराव्या वर्षी येते आणि बावीस-तेविसाव्या वर्षी जाते, आणि ती नेमकी तयार झाली की जाते. म्हणून आशेचा सीझन मोडला की तो त्याच माणसांना परत मिळत नाही. माझं नातं काही असेल तर ते त्या मुदतीशी आहे. बर्गरला पुढच्याच महिन्यात इंडियाना फीव्हर या व्यावसायिक टीमने सातव्या क्रमांकावर निवडलं. होम्स मात्र एक वर्ष आणखी राहिली, विद्यापीठाच्या मुलींत सर्वाधिक गुणांचा विक्रम केला, आणि २०२४ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत ऑल्बनीला साउथ कॅरोलायनाविरुद्ध टीम बावीस गुणांनी मागे पडून दोनपर्यंत आली. ७९-७५ हरली. साउथ कॅरोलायनाने तो सीझन ३८-० संपवला. त्या रात्री मी टाळ्या वाजवल्या, घरी टीव्हीसमोर. मी शहाणी झाले होते का? की त्या वर्षी आशाच कमी होती? दुसरं जास्त खरं असावं.

आणि आता ते उत्तरही नीट टिकत नाही. हल्ली खेळाडू एक वर्ष बसून न राहता विद्यापीठ बदलू शकतात, स्वतःच्या नावावर पैसे मिळवू शकतात. व्हायलाच हवं होतं ते. कोच मंडळी इतकी वर्षं जास्त पगाराकडे जातच होती, मुलींनाच बांधून ठेवलं होतं. पॅरिश आणि स्कालिया दुसरीकडून आल्या तेव्हा मी आनंदाने टाळ्या वाजवल्याच होत्या. मग २०२५ मध्ये गार्झोन तीन वर्षांनी मेरीलँडला गेली तेव्हा मला बोलायला तोंड नाही. तिचा निर्णय, तिचं आयुष्य. तरी ती बातमी वाचून मी दिवसभर कुणाशी धड बोलले नाही. माझ्या डोळ्यांसमोर चार वर्षांत तयार झाली म्हणून ती माझी, हे जर उत्तर असेल, तर चौथं वर्ष दुसऱ्या गावात गेलेल्या मुलीचं काय करायचं?

मेरीलँडही बिग टेनमध्येच आहे. तिच्या त्या चौथ्या वर्षी त्यांची मॅच लागली की मी बघायची. गार्झोनने तीनाचा सोडला की तो पडावा असं मनापासून वाटायचं, आणि समोर इंडियाना असेल तर मॅच इंडियानानेच जिंकावी असंही तितकंच वाटायचं. हे दोन्ही एकाच वेळी कसं काय, ते ताई आता विचारणार. विचार.