आमची वाटचाल: डेस्कटॉप, लॅपटॉप आणि पुन्हा डेस्कटॉप

सदाशिव पेठेत, टिळक रोडलगत आम्ही दुकान टाकलं तेव्हा धंदा म्हणजे असेंबल्ड डेस्कटॉप. गिऱ्हाईक ठरलेलं: सीएंची ऑफिसं, डीटीपीवाले, क्लासवाले आणि इंजिनिअरिंगला मुलगा लागला म्हणून आलेले आईवडील. लॅपटॉप तेव्हा हिंजवडीला जाणाऱ्यांच्या पाठीवर दिसायचा, तोही कंपनीने दिलेला. गुरुवारी देखभालीसाठी वीज जायची, त्यामुळे प्रत्येक मशीनबरोबर यूपीएस द्यावाच लागे.

लॅपटॉप स्वस्त होत गेले तसं चित्र पालटलं. बॅटरी आतच असल्याने यूपीएसची भानगड नाही आणि कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांना टेबल लागत नाही, हे फायदे खरेच आहेत. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये तर घरात एकाच वेळी शाळा आणि ऑफिस सुरू झालं. नवे लॅपटॉप मिळेनात, तेव्हा आम्ही जुने डेस्कटॉप उभे केले. पण कॅमेरा, माईक, स्पीकर, बहुतेकांना वायफायसुद्धा वेगळं जोडावं लागलं. लॅपटॉपच्या किमतीत हे सगळं धरलेलं असतं, हे हिशेब करताना लोक विसरतात.

दुरुस्तीच्या टेबलावर मात्र दोघांतला खरा फरक कळतो. रोज गादीवर ठेवून वापरलेला लॅपटॉप उघडला की पंख्याजवळच्या जाळीवर धुळीचा गोधडीसारखा थर निघतो. हवा खेळत नाही, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. 'मशीन स्लो झालंय' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं. टचपॅड वर उचलला गेला असेल तर खाली बॅटरी फुगलेली असते. असा लॅपटॉप ताबडतोब बंद करून आणा, चार्जिंगला लावू नका.

नाव सारखं दिसलं म्हणून लॅपटॉप आणि डेस्कटॉपची ताकद सारखी समजू नका. पातळ लॅपटॉपमधले बरेच प्रोसेसर १५ वॉटच्या हिशेबाने बनवलेले असतात, साधा डेस्कटॉप प्रोसेसर ६५ वॉटच्या. ग्राफिक्स कार्डाचंही तेच. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० मध्ये १२ जीबी मेमरी आणि ५,८८८ कोअर (एकाच वेळी गणित करणारे छोटे भाग) असतात, त्याच नावाच्या लॅपटॉपवाल्यात ८ जीबी आणि ४,६०८. थ्रीडी रेंडरिंग करणाऱ्या आर्किटेक्टला हे आम्ही आधीच सांगतो. तासन् तास चालणारं काम असेल तर डेस्कटॉपच घ्या, असा आमचा स्पष्ट आग्रह असतो.

म्हणून दुकानात कोणी आलं की बजेटच्या आधी आम्ही विचारतो, काम काय आणि बसणार कुठे? रोज मशीन घेऊन फिरायचं असेल तर लॅपटॉपला पर्याय नाही. तो घेताना रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे का, एवढं जरूर बघा. तशी असली तर पुढे वाढवता येत नाही. एका जागी बसून टॅली चालवायची असेल तर पैसे डेस्कटॉपमध्ये घाला.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला आणि जुनी मशीन्स पुन्हा आमच्याकडे येऊ लागली. विंडोज ११च्या अटीत न बसणाऱ्या लॅपटॉपचा प्रोसेसर सहसा बोर्डालाच जोडलेला असतो, त्यामुळे अख्खं मशीनच बदलायची वेळ येते. डेस्कटॉपमध्ये आम्ही बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलतो. कॅबिनेट, मॉनिटर आणि चांगल्या स्थितीतला एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) तोच राहतो, आणि गिऱ्हाइकाचा तेवढा खर्च वाचतो.