बिल्ड लॉग, भाग ३ : रॅम आली एकदाची, आणि एसएसडीचा हिशोब

मागच्या भागात लिहिलं होतं की मी सुटे भाग घेऊन जोडतोय तो नवीन पीसी, म्हणजे मशीन, दिवाळीपर्यंत उभं राहील. दिवाळी गेली, आमच्या सोलापूरची गड्ड्याची जत्रा पण गेली, आणि मशीन उभं राहिलं मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. कारण एकच, रॅम. ऑगस्टमध्ये नवी पेठेतल्या नेहमीच्या दुकानात ६४ जीबी डीडीआर५ किटचा रेट १९ हजार सांगितला होता आणि मी शहाणा, म्हणालो पगार झाला की घेऊ, आधी एसएसडी, म्हणजे फाईली साठवायची ड्राईव्ह, घेतो. नोव्हेंबरात परत गेलो तर दुकानदार हसायलाच लागला. "मालक, आता सांगतोय तो रेट संध्याकाळपर्यंतचा, उद्याचं विचारू नका." मला वाटलं हा नेहमीचा दुकानदारी डाव, पण नाही, जगभर तेच चाललं होतं, सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉन तिघांनीही एआय सर्व्हरच्या मेमरीकडे कारखाने वळवले, तिथे पैसा जास्त, मग तुमच्याआमच्या डेस्कटॉपच्या रॅमला विचारतो कोण. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करतोय म्हणून जाहीर केलं. शेवटी ६४ चं स्वप्न सोडून ३२ जीबी घेतली, ३४ हजारांना. अर्धी रॅम, पावणेदोनपट पैसे. घरी खरा आकडा सांगितलेला नाही, इथे पण कोणी स्क्रीनशॉट काढून आमच्या घरच्यांना पाठवू नका.

ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी पूर्ण बिल. रायझन ९ ९९५०एक्स प्रोसेसर ५६ हजार, एक्स८७० मदरबोर्ड ३१, आरटीएक्स ५०७० टीआय ग्राफिक कार्ड ७९, लिक्विड कूलर ११, ८५० वॅटचा गोल्ड पॉवर सप्लाय साडेअकरा, जाळीवाली केस साडेआठ, २ टीबीची जेन ४ (जोडणीची चौथी पिढी) एसएसडी साडेपंधरा, रॅम ३४ आणि यूपीएस १०. बेरीज २ लाख ५६ हजार ५००. सगळ्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर त्यातले ३९ हजार नुसते टॅक्सचे, म्हणजे ऑगस्टच्या भावाने ६४ जीबीची दोन किटं आली असती. असो. रडून झालं.

ह्या भागात खरं लिहायचंय ते एसएसडीबद्दल, कारण गेल्या आठ महिन्यांत माझं मत बऱ्यापैकी बदललं. आधी मी पण सगळ्यांसारखा टीबीडब्ल्यूचा, म्हणजे एकूण किती टेराबाईट लिहिता येतील त्याचा, आकडा बघून ड्राईव्ह निवडायचो. सॅमसंगच्या ९९० प्रो २ टीबीला १२०० टीबीडब्ल्यू, डब्ल्यूडीच्या एसएन८५०एक्सला तेवढेच, आणि स्वस्तातली क्यूएलसीवाली (फ्लॅश मेमरीच्या एका सेलमध्ये चार बिट कोंबणारी) १ टीबी घेतली तर २२० वगैरे. हा आकडा म्हणजे कंपनीने वॉरंटीसाठी ओढलेली रेघ, त्या पलीकडे ड्राईव्ह लगेच मरते असं नाही. २०१३ ते २०१५ मध्ये एका अमेरिकन टेक साईटने सहा ड्राईव्ह मरेपर्यंत लिहित ठेवल्या होत्या, त्यातली शेवटची उरलेली सॅमसंग ८४० प्रो, फक्त २५६ जीबीची, दोन पेटाबाईटच्या, म्हणजे दोन हजार टीबीच्या, पुढे गेली.

आता माझा आकडा बघा. काल रात्री ड्राईव्हची माहिती काढणारं स्मार्टसीटीएल चालवलं तर डेटा युनिट्स रिटन, म्हणजे आतापर्यंत लिहिलेला डेटा, २,८४,१२,३३७. हे एक युनिट म्हणजे ५१२ बाईटचे हजार ब्लॉक, म्हणजे ५ लाख १२ हजार बाईट, हे लक्षात न घेता लोक डायरेक्ट सेक्टर समजून गुणतात आणि आकडा हजारपट चुकतो. गुणाकार केला तर साधारण साडेचौदा टीबी. आठ महिन्यांत. मी ब्लेंडर रेंडर करतो, फोर-के एडिटिंग करतो, गेम टाकतो काढतो, म्हणजे काही हात राखून वापरत नाही, तरी वर्षाला २२ टीबीच्या आत, ह्या वेगाने १२०० संपायला ५५ वर्षं. तोपर्यंत मीच वॉरंटीबाहेर.

मग ड्राईव्ह मरतात कशाने? आमच्याच घरातली गोष्ट सांगतो.

काकांचा अक्कलकोट रोडला एमआयडीसीत पॉवरलूमचा छोटा कारखाना आहे, चादरींचा. तिथे डिझाईन करायला एक जुना पीसी, त्यात २४० जीबीची एक स्वस्त साटा एसएसडी, कंपनीचं नाव घेत नाही. डिसेंबरमध्ये मीच क्रिस्टलडिस्कइन्फो हे ड्राईव्हची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून बघितलं होतं, हेल्थ ९४ टक्के, निळं, एकदम गुड. मी काकांना म्हणालो काही टेन्शन नाही. दहाच दिवसांनी दुपारी लाईट गेली, आली, परत गेली, परत आली, असं तीनचार वेळा झालं आणि त्यानंतर पीसी चालू केला तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी दिसणाऱ्या सेटिंगमध्ये) ड्राईव्हच नाही. केबल बदलली, पोर्ट बदललं, दुसऱ्या मशीनला लावून बघितली, काही नाही, मेलेली. तीन महिन्यांच्या डिझाईन फाईली आत. काही पेनड्राईव्हवर होत्या म्हणून निम्म्या वाचल्या.

काका काही बोलले नाहीत, मला घेऊन माळ्यावर गेले आणि मागावर नक्षी विणणाऱ्या जकार्डच्या जुन्या पंच कार्डांची माळ दाखवली, दोऱ्याने ओवलेली, कडा पिवळ्या पडलेल्या, मोराचं डिझाईन, आजोबांच्या वेळचं. वर बोटभर धूळ. "हे बघ की बे, ह्याला लाईट लागत नाही. भोक हाय म्हणजे हाय, नाही म्हणजे नाही." मला काय बोलावं कळेना. आणि तांत्रिकदृष्ट्या माणूस चूक पण नाही, भोक आहे की नाही हा एकच प्रश्न. आपल्या टीएलसी सेलमध्ये तीन बिट मावायला व्होल्टेजच्या आठ पायऱ्या ओळखाव्या लागतात, क्यूएलसीत सोळा, आणि ह्या पायऱ्यांमधलं अंतर किती बारीक असेल विचार करा.

तर तेव्हापासून मी हेल्थच्या टक्क्याकडे बघणं जवळपास सोडलंय. तो टक्का म्हणजे फक्त टायरची झीज, इंजिन कसं आहे ते त्यात दिसत नाही. फ्लॅश झिजून मरणाऱ्या ड्राईव्ह कमी, कंट्रोलर (ड्राईव्ह चालवणारी चिप) नाहीतर त्यातलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, गंडून मरणाऱ्या जास्त. विंडोजला दिसणारा लॉजिकल पत्ता आणि फ्लॅशमधली खरी जागा यांचा जो नकाशा असतो तो कंट्रोलर सतत बदलत असतो, आणि तो लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धवट राहू शकतो. सर्व्हरच्या ड्राईव्हमध्ये यासाठी कपॅसिटर असतात, वीज गेल्यावर हातातलं काम संपवण्यापुरती ताकद देतात. आपल्या घरगुती एम.२ वर, म्हणजे बोर्डात थेट बसणाऱ्या एसएसडीवर, बहुतेक ते नसतातच, तुम्ही पंधरा हजार द्या नाहीतर पंचवीस. आणि सर्व्हरवाल्यांनी पण फार उडू नये, नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई या सर्व्हर कंपनीच्या काही एसएसडीचा बग निघाला होता, ३२,७६८ तास भरले की ड्राईव्ह डेटासकट खल्लास, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास. १६ बिटचा काउंटर ओव्हरफ्लो. एकाच दिवशी बसवलेल्या रेडमधल्या (एक गेली तरी डेटा वाचावा म्हणून एकत्र जोडलेल्या) ड्राईव्ह एकत्रच जाणार की मग, रेड काय कामाची! त्यामुळे फर्मवेअर अपडेट करा रे बाबांनो. ९९० प्रोची पण २०२३ च्या सुरवातीला हेल्थ पटापट उतरायची, ते फर्मवेअरनेच थांबलं.

आता माझ्या मशीनचं. नवीन ड्राईव्ह ऑगस्टमध्ये आली तेव्हा रॅम नव्हती म्हणून जुन्या बी४५० बोर्डात लावली. तिथे जेन ३, सेकंदाला साडेतीन हजार एमबीच्या आसपास. मार्चमध्ये नव्या बोर्डात गेली, बेंचमार्क सात हजारांच्या वर, मी स्क्रीनशॉट काढला, ग्रुपवर टाकला, आणि विंडोज चालू व्हायला लागणारा वेळ? तोच. प्रोजेक्ट उघडायला? घड्याळ लावलं तर दीड सेकंदाचा फरक. म्हणून जे जेन ५ घ्यायच्या मागे आहेत, चौदा हजार एमबी वगैरे, त्यांना माझं म्हणणं एवढंच की ते पैसे यूपीएसमध्ये घाला. जेन ५ तापते पण किती, आणि आपण राहतो सोलापुरात.

अनसेफ शटडाऊन्स, म्हणजे नीट बंद न करता वीज किती वेळा तुटली, हा आकडा बघा आपापल्या ड्राईव्हवर. माझा ऑगस्ट ते फेब्रुवारी ४१ झाला होता! घरात इन्व्हर्टर असून. आधी कळेना, लाईट गेली की पंखा तर चालू राहतो मग पीसी का रिस्टार्ट होतो. मग इन्व्हर्टरच्या मागे वाकून टॉर्च मारला तर तिथे एक बारका स्विच, यूपीएस आणि इको, आणि तो पहिल्या दिवसापासून इकोवर. इकोत बॅटरीवर जायला जास्त मिलिसेकंद लागतात, पंख्याला फरक पडत नाही, पण पॉवर सप्लाय फुल लोडवर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. स्विच यूपीएसवर केला, शून्य रुपये. तरी नवीन मशीन रेंडरला बसलं की ५००-६०० वॅट ओढतं आणि घरचा इन्व्हर्टर पंखे, फ्रिज आणि हे सगळं ओढणार नाही, म्हणून वेगळा यूपीएस घेतला. आता आकडा ४३ वर थांबलाय. त्यातली एक माझ्याच पायात वायर अडकून, ती लाईटवर ढकलणार नाही.

उष्णतेचं. ह्या आठवड्यात दुपारी खोलीत ३८ डिग्री, बाहेरचं विचारू नका. ड्राईव्ह नुसती बसून असताना ५२, मोठी फाईल कॉपी केली की ७१. बोर्डाबरोबर आलेल्या हीटसिंकखालच्या पॅडचं प्लास्टिक काढायला मी विसरलो होतो हे तिसऱ्या दिवशी कळलं, कारण तेव्हा ८१ जाऊन स्पीड धाडकन खाली यायचा. हसा. प्लास्टिक काढल्यावर ७१. शिवाय आमच्याकडे धुळीबरोबर सुताचा तंतू उडतो, काकांच्या कारखान्यात तर आहेच पण कपड्यांवरून घरी पण येतो, पुढच्या जाळीवर दहा दिवसांत टॉवेलसारखी लव चढते. ब्रश आणि जुना ब्लोअर, दर रविवारी. ब्लोअर मारताना पंख्याला बोट लावून धरा, फिरू देऊ नका.

पण चालू ड्राईव्हपेक्षा मला जास्त भीती आता बंद ड्राईव्हची वाटते. बॅकअप घेऊन कपाटात टाकलेली एसएसडी. मेमरीचे मापदंड ठरवणाऱ्या जेडेक संस्थेचं जे स्टँडर्ड आहे त्यात घरगुती ड्राईव्हने आपलं सगळं रेटेड लिहिणं संपल्यावर ३० डिग्रीला बंद अवस्थेत एक वर्ष डेटा धरला पाहिजे, एवढीच अपेक्षा आहे. नवीन ड्राईव्ह याहून कितीतरी जास्त धरते, घाबरू नका, पण तापमान वाढलं की हा काळ भराभर कमी होतो. आणि ३० डिग्री आपल्याकडे कधी असतं हो, एप्रिलमध्ये पहाटे? गंमत म्हणजे लिहिताना ड्राईव्ह गरम आणि ठेवताना गार हे चांगलं, उलटं वाईट. एसीत बसून बॅकअप घ्यायचा आणि पत्र्याच्या खोलीत टाकायचा, हे सगळ्यात वाईट कॉम्बिनेशन, आणि मी नेमकं तेच करत होतो. माझी एक जुनी ५०० जीबी चौदा महिने वर पत्र्याच्या खोलीत पडून होती, लावली तर फाईली सगळ्या होत्या पण जुने फोटो ३०-४० एमबीने वाचायला लागली, मधेच अडकायची. व्होल्टेज घसरलेलं असतं, कंट्रोलर परत परत वाचून दुरुस्त करत बसतो. सगळं कॉपी करून, ड्राईव्ह पुसून परत भरलं तर पुन्हा ५०० च्या वर. त्यामुळे लांबचा बॅकअप आता साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर, आणि त्यातली एक पुण्याला बहिणीकडे, दर दोन महिन्यांनी हुतात्मा एक्सप्रेसने जाते येते.

काकांच्या पीसीत नवीन ड्राईव्ह टाकली, छोटा यूपीएस लावला, रोज संध्याकाळी सात वाजता फाईली आपोआप दुसऱ्या डिस्कवर जातात. काका तरी पेनड्राईव्हवर घेतातच. घेऊ देत.

आणि एक प्रयोग लावलाय. एकाच मॉडेलच्या दोन जुन्या १२० जीबी ड्राईव्ह होत्या, दोन्हींत त्याच फाईली भरल्या, चेकसम (फाईल जशीच्या तशी आहे का ते ताडायचे आकडे) काढून वहीत लिहून ठेवले, आणि एक ठेवली वर पत्र्याच्या खोलीतल्या ट्रंकेत, दुसरी डबीत घालून खाली देवघराच्या कोनाड्यात, घरातली सगळ्यात गार जागा तीच. दिवाळीच्या साफसफाईला दोन्ही काढून वाचायच्या, आकडे पुढच्या भागात. आईला सांगितलंय की त्या डबीला हात लावायचा नाही. परवा बघितलं तर डबीवर हळदकुंकू वाहिलेलं. उघडून बघितलं, कनेक्टरला काही लागलेलं नाही.